टूल लांब झालंय, साहेब! खोल मिलिंगमधली थरथर आणि तिच्यावरचे उपाय



रायपूरच्या चौबे कॉलोनीतून आज पुन्हा तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय आहे मिलिंग करताना लांब होल्डर लावला की सुरू होणारी थरथर. वर्कशॉपमध्ये तिला 'चॅटर' म्हणतात. ज्यांचा मशीनशी संबंध नाही त्यांनी लगेच उठून जाऊ नये. आज थोडं पुलाबद्दल, थोडं कच्च्या रस्त्याबद्दल आणि थोडं माझ्या एका जुन्या चुकीबद्दलही बोलणार आहे.

सुरुवात करतो गेल्या पावसाळ्यातल्या एका फोनपासून.

आमच्या कॉलनीतला एक मुलगा आहे. मुलगा म्हणतो, पण आता पस्तिशीचा आहे. उरल्याच्या औद्योगिक भागात त्याची छोटी शेड आहे, त्यात एक व्हीएमसी आणि दोन जुनी मशीनं. मला काका म्हणतो. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "काका, उद्या सकाळी जरा शेडवर येता का? आवाज ऐकून सांगा काय करायचं ते." मी म्हटलं, "फोनवरच ऐकव." त्याने मशीन चालू करून फोन जवळ धरला आणि मी तो कानापासून दूर धरला. किंचाळल्यासारखा आवाज होता. बायको आतून विचारती झाली, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी गेलो. उरला आणि सिलतरा या भागात रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने भरपूर. त्यांची दुरुस्तीची कामं अशा छोट्या शेडमध्ये येतात. याच्याकडे एका रोलिंग मिलच्या गिअरबॉक्सची ओतीव पोलादाची दोन हाउसिंग आली होती. प्रत्येकात १७० मिलिमीटर खोल खण होता आणि त्याच्या भिंती सरळ आणि साफ करायच्या होत्या. पहिल्या हाउसिंगच्या भिंतीवर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठल्या होत्या. इन्सर्टच्या कडा तुटून त्यांचा ढीग एका डब्यात जमला होता. तिकडे मिल बंद होती. गिऱ्हाईक दिवसातून तीनदा फोन करत होतं. मुलाने एका कंपनीकडून थरथर शोषणाऱ्या खास अडॅप्टरचं कोटेशनही मागवून ठेवलं होतं आणि तो आकडा बघून त्याची झोप उडाली होती.

मी विचारलं, "आतापर्यंत काय काय केलंस?"

म्हणाला, "फीड कमी केलं. आवाज गेला नाही. आणखी कमी केलं. आरपीएम पण उतरवले. आता पाव स्पीडला चालवतोय, तरी ओरडतंय."

मंडळी, दहातले नऊ जण हेच करतात. मीही केलं होतं.

माझी चूक

मी सैन्यात ईएमईमध्ये होतो. सैन्याची वाहनं, तोफा आणि यंत्रं दुरुस्त करणारी ही कोअर १९४३ साली उभी राहिली. मी नवा कॅप्टन झालो तेव्हाची गोष्ट. वर्कशॉपमध्ये एका गिअरकेसचं खोल काम मिलिंगवर चाललं होतं. मशीन ओरडायला लागलं. मशीनवरचा हवालदार आमच्या सातारकडचा होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "साहेब, टूल लांब झालंय." मी डिग्रीवाला. मी म्हटलं, "फीड कमी करा." त्याने केलं. आवाज वाढला. मी म्हटलं, "अजून कमी." त्याने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने कटर जॉबमध्ये घुसला आणि केस वाया गेली. गाडी आणखी कितीतरी दिवस उभी राहिली.

तो बरोबर होता, मी चूक होतो. त्याहून वाईट हे, की त्याने बरोबर उत्तर पहिल्याच वाक्यात दिलं होतं आणि मी हुद्द्याच्या जोरावर ते ऐकलं नाही. तेव्हापासून चॅटरचा आवाज आला की मला ते वाक्य आठवतं. आज मी जे सांगणार आहे ते त्या वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

थरथर दोन प्रकारची

आधी पुलाची गोष्ट. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटन इथे झुलता पूल होता. १२ एप्रिल १८३१ रोजी रायफल पलटणीचे ७४ जवान कवायतीच्या पावलांनी त्यावरून जात होते. पूल त्यांच्या पावलांबरोबर डोलू लागला. जवानांना गंमत वाटली, ते आणखी ठेक्यात चालले. साखळीचा एक बोल्ट तुटला आणि सुमारे ४० जण पाण्यात पडले. कुणी दगावलं नाही, पण तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालायचा हुकूम रूढ झाला. आम्हीही तसंच चाललो आहोत.

ही झाली बाहेरून ठेका देऊन उठवलेली थरथर. मिलिंगमध्ये ती असतेच, कारण कटरचा प्रत्येक दात जॉबवर ठोका देतो. एक दात तुटलेला असेल, कटर मध्यापासून सरकून फिरत असेल, तर हा ठेका वाढतो. ही थरथर ओळखायला सोपी: कटर हवेत काढला की थांबते आणि आरपीएम बदलले की तिचा सूरही त्याच प्रमाणात बदलतो.

दुसरी थरथर फसवी आहे. राजस्थानात आमच्या गाड्यांचा ताफा कच्च्या रस्त्यावरून जायचा. त्या रस्त्यांवर आडव्या पन्हळ्या पडलेल्या असतात. त्या कुणी खोदलेल्या नसतात. पहिल्या गाडीचं चाक एका खड्याने किंचित उडतं, पडताना माती दाबतं. मागच्या गाडीचं चाक त्या दाबलेल्या जागेवरून जरा जास्त उडतं आणि पुढे जास्त दाबतं. शंभर गाड्या गेल्या की सगळा रस्ता पन्हळी. आधीच्या चाकाने केलेली चूक पुढचं चाक वाढवत नेतं.

चॅटर म्हणजे नेमकं हेच. कटरचा एक दात माल कापताना किंचित थरथरला, तर भिंतीवर बारीक लाट सोडतो. पुढचा दात त्या लाटेवरून कापतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला कधी जाड चिप येते, कधी पातळ. जाड चिपेला जोर जास्त लागतो, पातळीला कमी. हा कमीजास्त होणारा जोर होल्डरला पुन्हा हलवतो आणि हा दात आणखी मोठी लाट सोडतो. इथे बाहेरून कुणी ठेका देत नाही. होल्डर स्वतःच्याच नैसर्गिक सुरात गातो आणि कापण्याच्या क्रियेतूनच त्याला जोर मिळत राहतो.

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९०७ साली धातू कापण्यावरचं आपलं मोठं संशोधन प्रसिद्ध केलं. कारागिरापुढच्या सगळ्यात गूढ प्रश्नांमध्ये त्याने चॅटरला धरलं होतं. एका दाताच्या लाटेवर पुढचा दात चढतो, हा उलगडा व्हायला १९५०चं दशक यावं लागलं. चेक अभियंता ट्लस्टी आणि बर्मिंगहॅमचे टोबायस यांच्या कामातून त्याचं गणित उभं राहिलं.

त्या गणितातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवा. चॅटर सुरू होणार की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: होल्डर किती ताठ आहे आणि दात किती खोल गुंतलेत. फीडचा त्यात फारसा वाटा नाही. म्हणून फीड कमी करून चॅटर सहसा जात नाही. उलट, फीड फारच कमी केलं तर दात कापायचं सोडून घासायला लागतो, इन्सर्टची धार जाते आणि त्रास वाढतो. आमच्या उरल्याच्या गड्याने प्रत्येक दाताचं फीड ०.०४ मिलिमीटरवर आणलं होतं. इन्सर्टच्या गोलसर कडेला एवढ्या पातळ मालात नीट शिरताच येत नव्हतं.

लांबीचा घन, जाडीचा चौथा घात

आता ताठपणाचा हिशेब. होल्डर म्हणजे एका टोकाला पकडलेली दांडी. दुसऱ्या टोकाला आडवा जोर लावला की ती वाकते. किती वाकते, ते लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. म्हणजे लांबी दुप्पट झाली तर वाकणं आठपट. जाडीचा परिणाम याहून मोठा: व्यासाच्या चौथ्या घाताने वाकणं कमी होतं. व्यास दुप्पट केला तर वाकणं सोळावा हिस्सा.

त्या दिवशी मी एका कागदावर मांडलं. मुलाने ५० मिलिमीटरचा कटर लावला होता. त्याच्यामागची दांडी ४० मिलिमीटर जाडीची आणि स्पिंडलपासून बाहेर २४० मिलिमीटर. अशा पोलादी दांडीच्या टोकाला १००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलोचा आडवा जोर लावला, तर ती ०.१७५ मिलिमीटर वाकते. स्पिंडल, टेपर, सांधे यांचं वाकणं वेगळंच. पण दिशा कळायला हा ढोबळ हिशेब पुरतो.

मी विचारलं, "खण १७० खोल आहे. टूल २४० बाहेर का?"

तो म्हणाला, "काका, तेवढंच एक्स्टेंशन रॅकवर होतं."

खण १७०, वर २० मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे १९०ने काम भागत होतं. २४०चं १९० केलं की वाकणं निम्म्यावर येतं. पन्नास मिलिमीटर कमी केले, ताठपणा दुप्पट. पैसा जवळपास लागत नाही.

मग मी ड्रॉईंग मागितलं. खणाच्या कोपऱ्यांचा रेडियस ३५ लिहिला होता. ५०चा कटर म्हणजे त्याचा स्वतःचा रेडियस २५. ६३चा कटर लावला तरी त्याचा रेडियस साडेएकतीस, तोही त्या कोपऱ्यात मावतो. मग ५०चा का? कारण तोच हाताशी होता. ६३च्या कटरमागे ५२ मिलिमीटरची दांडी बसते. ४०ची ५२ केली की ताठपणा २.८५ पट.

दोन्ही एकत्र करा: १९० लांब आणि ५२ जाड. तोच १००० न्यूटनचा जोर आता दांडीला फक्त ०.०३ मिलिमीटर वाकवतो. ताठपणा सुमारे पावणेसहा पट वाढला. मुलगा कागदाकडे बघत राहिला. महागड्या अडॅप्टरचं कोटेशन टेबलावर तसंच पडलं होतं.

मशीन चालू करण्याआधी

भिलाईतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून ६३चा चार दातांचा कटर आणि योग्य लांबीचा होल्डर दोन दिवसांच्या बोलीवर आला. तो लावण्याआधी आम्ही काही गोष्टी तपासल्या. तुम्हीही ह्या क्रमाने तपासा.

पहिलं, टेपर. स्पिंडलचा आतला टेपर आणि होल्डरचा बाहेरचा टेपर, दोन्ही स्वच्छ फडक्याने पुसा. मध्ये एक बारीक चिप अडकली तर होल्डर एका बाजूला टेकतो आणि सगळा ताठपणा पाण्यात जातो. शंका असेल तर निळा रंग लावून टेकण बघा.

दुसरं, पुल स्टड. तो सैल आहे का बघा. ड्रॉबारच्या आतल्या चकत्यांच्या स्प्रिंगा जुन्या झाल्या की ओढ कमी होते. याच्या मशीनवर स्टड चक्क अर्धा फेरा सैल निघाला.

तिसरं, सांधे. कटर, मग रिड्यूसर, मग एक्स्टेंशन, मग अडॅप्टर अशी माळ ओवू नका. प्रत्येक सांधा थोडा ताठपणा खातो. शक्य तितके कमी तुकडे आणि त्यातला सगळ्यात जाड तुकडा स्पिंडलकडे. खणाच्या वरची जागा मोकळी असेल तर होल्डर वर रुंद होत जाणाऱ्या आकाराचा घ्या.

चौथं, रनआउट. डायल गेज लावून कटर हाताने फिरवा. एकच दात पुढे आलेला असेल तर सगळं काम तोच करतो आणि ठेका मारतो.

पाचवं, जॉबची पकड. कित्येकदा आपण टूलला दोष देतो आणि थरथरत असतो जॉब. हाउसिंगच्या पातळ भिंतीखाली आधार नव्हता. तिथे स्क्रू जॅक दिला. क्लॅम्प कापण्याच्या जागेजवळ आणले.

हे सगळं मशीन बंद असताना करायचं, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

जोराची दिशा

पहार घेऊन विचार करा. जमिनीत रोवलेल्या पहारीला वरून खाली कितीही दाबा, ती वाकत नाही. टोकाला बाजूने ढकला, लगेच डोलते. कटरचंही तसंच. ९० अंशांचा कटर बराचसा जोर बाजूला लावतो, म्हणजे दांडी वाकवतो. ४५ अंशांच्या कटरचा बराच जोर वर स्पिंडलकडे जातो. हाय फीड कटर असतात, त्यांची कड तळाशी साधारण १० ते १५ अंशांचाच कोन करते. त्यांचा जोर जवळपास सरळ स्पिंडलमध्ये जातो. म्हणून खोल खणातला जाड माल काढायला ते उत्तम: डेप्थ थोडी, फीड जोरात. त्याच कारणाने प्लंज मिलिंग, म्हणजे ड्रिलसारखं वरून खाली कापत जाणं, फार लांब टूलला मानवतं.

सरळ भिंत मात्र शेवटी ९० अंशांच्याच कटरने साफ करावी लागते. तिथे धार तीक्ष्ण घ्या, इन्सर्टचा कोपरा लहान रेडियसचा घ्या आणि माल थोडा ठेवा. लक्षात ठेवा, जॉबचा तळ पातळ असेल तर हिशेब उलटतो. तिथे खाली दाबणारा कटर तळालाच थरथरवतो.

कटरच्या दातांची संख्याही बघा. जास्त दात म्हणजे जास्त काम, असं ताठ टूलवर खरं. लांब टूलवर एका वेळी कमी दात गुंतलेले बरे. म्हणून पाच दातांपेक्षा चार चांगले. आणि असमान अंतराच्या दातांचा कटर मिळाला तर जरूर घ्या. रस्त्याच्या पन्हळ्या आठवा: सगळ्या गाड्यांची चाकं सारख्याच तालात उडाली तर पन्हळी वाढते. प्रत्येक चाक वेगळ्या तालात उडालं तर ती जुळतच नाही. असमान दात लाटेचा ताल मोडतात. म्हणजे पुलावर पाऊल मोडून चालणंच.

आरपीएम नेमके कसे बदलायचे

स्पीड कमी करणं हा एकच रस्ता नाही. कधी वाढवल्यानेही थरथर जाते. कारण असं: मागच्या दाताची लाट आणि पुढच्या दाताचं हलणं अगदी जुळून आलं, तर चिपेची जाडी सारखीच राहते आणि लाटेला जोर मिळत नाही. म्हणून काही ठराविक आरपीएमवर टूल शांत चालतं आणि मधल्या आरपीएमवर ओरडतं.

समजा ॲल्युमिनियमच्या जॉबवर १६ मिलिमीटरचं, तीन दातांचं लांब एंड मिल ९६०० आरपीएमला ओरडतंय. मोबाईलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप चालू करा. सगळ्यात मोठा सूर १२०० हर्ट्झ दिसला. १२००ला ६०ने गुणा आणि तीन दातांनी भागा: २४,०००. आता याला २, ३, ४ने भागा: १२,०००, ८००० आणि ६०००. हे शांत आरपीएमच्या जवळपासचे आकडे. आपण चालवत होतो ९६००, म्हणजे बरोबर अडीचने भागलेलं, दोन लाटांच्या ऐन मधोमध. तिथे ते ओरडणारच. १२,००० करून बघा. स्पीड वाढवून आवाज गेला, असं नवल मग घडतं.

पोलादात मोठ्या कटरने ९०० आरपीएमला काम करताना मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे शांत जागा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की एक सोडून दुसरी पकडण्यात फायदा नसतो. तिथे ताठपणा, डेप्थ आणि असमान दात यांच्यावरच भिस्त.

उरल्यात काय झालं

नवा होल्डर बसला. डेप्थ आधीसारखीच दीड मिलिमीटर ठेवली. आरपीएम ७००वरून ९०० केले. प्रत्येक दाताचं फीड ०.०४वरून ०.१२ केलं. आधी टेबल मिनिटाला १४० मिलिमीटर सरकत होतं, आता ४३२. मशीनवरच्या पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या हवालदाराने कधीकाळी पाहिलं असेल. मी म्हटलं, "लाव. बिघडलं तर माझ्यावर."

भिंतीच्या सरळ भागात आवाज घुमला, पण तो कापण्याचा भरीव आवाज होता. चिपा जाड, निळसर, एकसारख्या पडत होत्या. कोपऱ्यात मात्र पुन्हा कुरकुर सुरू झाली. ती अपेक्षित होती. सरळ भिंतीवर कटरचा थोडाच भाग मालात असतो. कोपऱ्यात वळताना तो एकदम दोन बाजूंनी मालात घेरला जातो, दात जास्त गुंततात. म्हणून प्रोग्राम बदलला. आधी कोपऱ्यात मोठ्या रेडियसने माल ठेवून वळायचं, मग उरलेला माल दोन-तीन पातळ फेऱ्यांत काढायचा. कुरकुर गेली.

दुसरं हाउसिंग साफ निघालं. पहिल्याच्या भिंतीवर सुदैवाने दोन मिलिमीटर माल शिल्लक होता, त्यामुळे लाटा कापल्या गेल्या. एका कोपऱ्यात कटर आत घुसला होता, तिथे वेल्डिंग भरून पुन्हा काढावं लागलं. त्या वेल्डिंगचा दिवस फुकट गेला, पण हाउसिंग वाचलं.

मग तो महाग अडॅप्टर कधी?

आता कुणी म्हणेल, काका कंजूष आहेत. तसं नाही. त्या अडॅप्टरची गरज खरी आहे, फक्त तिची पाळी शेवटी येते.

तो आत पोकळ असतो. पोकळीत जड धातूचा गोळा रबरी कड्यांवर टांगलेला असतो, भोवती तेल. टोक थरथरलं की गोळा मागे रेंगाळतो, उलट हलतो आणि रबर नि तेल त्या हलण्याची उष्णता करून टाकतात. ही कल्पना जुनी आहे. जर्मन अभियंता हर्मन फ्राम याला अशा उपकरणाचं अमेरिकी पेटंट १९११ साली मिळालं. तैवानमधल्या तायपेई १०१ या उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर ६६० टनांचा पोलादी गोळा याच कामासाठी टांगलेला आहे, वाऱ्याने इमारत कमी डोलावी म्हणून. टूलमध्ये हाच गोळा मुठीएवढा होतो. सँडविक कंपनी अशी टूल नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये बनवते. इतर कंपन्यांचीही आता मिळतात.

ढोबळ नियम असा: टूलची बाहेरची लांबी व्यासाच्या तिप्पट-चौपटीपर्यंत असेल तर चांगला साधा पोलादी होल्डर पुरतो. त्यापुढे, साधारण सहा-सात पटीपर्यंत जायचं असेल आणि ते काम रोजचं असेल, तर दमदार अडॅप्टर पैसे वसूल करतो. बारीक व्यासाला कार्बाइडची दांडी हा मधला उपाय, कारण कार्बाइड पोलादाच्या सुमारे तिप्पट ताठ असतं. आमच्या जॉबला लांबी १९० आणि कटर ६३, म्हणजे तिप्पटच. तिथे तो अडॅप्टर घेणं म्हणजे ताप नसताना औषध घेणं.

घेतलाच तर जपा. पातळ पोकळ भागावर पकडू नका, आतला भाग दबतो. फार तापू देऊ नका, रबर जातं. पुढे शक्य तितका हलका कटर लावा. आणि तो लावला म्हणून लांबी मनमानी ठेवू नका. घनाचा नियम त्यालाही चुकलेला नाही.

कानाला विचारा

मंडळी, सगळ्याचं सार चार ओळींत सांगतो. आवाज आला की फीडला हात लावण्याआधी टूल किती बाहेर आहे ते मोजा. ड्रॉईंग पुन्हा वाचा, जाड कटर मावतो का बघा. मग टेपर, सांधे, पकड. मग डेप्थ, दात आणि आरपीएम. पैसे खर्च करायचे ते सगळ्यात शेवटी.

आणि एक. मशीनवर उभा असलेला माणूस दिवसाचे आठ तास तो आवाज ऐकतो. त्याच्या कानांना मफ द्या, कारण चॅटर ऐकणं नुसतं त्रासाचं नाही, बहिरं करणारं आहे. पण त्याने काही सांगितलं तर तुम्ही तुमचे कान उघडे ठेवा. उरल्याहून निघताना मी त्या पोराला विचारलं, "तुला काय वाटत होतं, आवाज कशामुळे येतोय?"

तो मालकाकडे बघत चाचरत म्हणाला, "टूल लंबा लग रहा था, साहब. पर किसी ने पूछा नहीं."

पुढच्या भागात बोरिंग बारबद्दल बोलू. तिथेही हाच घनाचा नियम आहे, पण सुटका आणखी अवघड आहे. तोवर तब्येत सांभाळा.

जय हिंद. जय महाराष्ट्र. आणि इथल्या रीतीप्रमाणे, जय जोहार.